खिशात सापडलेलं तोंड

शर्ट मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे चाचपायचे, ही ताईंची जुनी सवय. या सवयीपायी त्यांना आजवर खोडरबराचे तुकडे मिळाले होते, टोक मोडलेल्या पेन्सिली मिळाल्या होत्या, एकदा तर अख्खी सहा इंची पट्टी मिळाली होती. त्या मंगळवारी नवऱ्याच्या निळ्या शर्टाच्या खिशातून एक तोंड निघालं.

तोंड म्हणजे नुसतं तोंड. वर नाक नाही, खाली हनुवटी नाही. पट्टी लावून कापलेला झेरॉक्सचा एक चौकोनी तुकडा, आणि त्यात एका बाईचे हसणारे ओठ. ओठांमधून दात दिसत होते आणि वरच्या रांगेतला एक दात शेजारच्या दातावर जरासा रेलून उभा होता. तुकड्याच्या मागे नवऱ्याच्या रेखीव अक्षरात दोनच शब्द होते : ‘हे शेवटी.’

दुसऱ्या एखाद्या बाईने आधी कपाळाला हात लावला असता. ताईंनी आधी दात बघितले. त्या दाताच्या दवाखान्यात कामाला होत्या. पेशंटला वेळ देणं, त्याच्या तोंडावर दिवा धरणं, तो फारच घाबरला तर त्याचा हात धरणं, हे सगळं त्याच करायच्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, चेहरेही राहायचे नाहीत. रस्त्यात कुणी “ताई, ओळखलंत का?” म्हणालं की त्या नुसत्या बघत उभ्या राहायच्या. तो माणूस ओशाळून हसला की यांचा चेहरा उजळायचा. “अहो, खालची उजवी दाढ ना तुम्ही? आता ठणकत नाही ना?”

अशा ताईंना हे तोंड ओळखता येईना. त्यांनी तुकडा खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. “तिरका आहे,” त्या पुटपुटल्या, “पण शोभतो मेलीला.”

आता हे तोंड कुणाचं, ते वाचकांपासून लपवून ठेवण्यात मला काही मजा वाटत नाही. ते ताईंचंच होतं.

लगेच हसू नका. आपलं तोंड आपण आरशात बघतो, म्हणजे उलटं बघतो. फोटोतलं सुलटं तोंड आपल्याला नेहमीच थोडं परकं वाटतं. त्यातून हे तोंड लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं, काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर चांगलं मोठं केलेलं. आणि मुख्य म्हणजे तो दात. त्या दाताचा ताईंना इतका राग होता, की लहानपणापासून त्या त्याला ‘सुळा’ म्हणायच्या. हसताना तोंडावर हात ठेवायच्या. सुळा दिसणारे झाडून सगळे फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने फाडले होते. पुढे डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी तो दात घासून घेतला, त्यावर सरळ कॅप बसवली, आणि जाता जाता तिथलीच नोकरी धरली. त्यांच्या आठवणीतला सुळा ओठ फाडून बाहेर येणारा होता. या चिमुकल्या, रेललेल्या दाताशी त्याचा काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

त्या कॅपवरून आठवलं. ती बसवून ताई घरी आल्या, तेव्हा नवऱ्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्या समोर बसून हसल्या, बाजूने हसल्या, दिव्याखाली उभ्या राहून हसल्या. नवऱ्याने विचारलं होतं, “चहात साखर कमी झाली का?” ही गोष्ट ताई प्रत्येक नातेवाइकाला सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “भिंत अर्ध्या बोटाने सरकली तर यांना कळेल. बायको बदलली तरी कळायचं नाही.” सगळे हसायचे. ताईही हसायच्या. पण ते वाक्य त्यांच्या मनात कुठेतरी खुपत होतं, हेही खरं.

नवरा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. इमारतींचे आराखडे काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ऑफिसात त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणायचे. साहेब “साधारण इथे खिडकी घ्या” म्हणाले की तो अस्वस्थ व्हायचा. त्याच्या जगात साधारण नावाची जागाच नव्हती.

तर या मिलिमीटरने ठरवलं की बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिला तिचं चित्र काढून द्यायचं. गुपचूप. त्यासाठी तो ऑफिस सुटल्यावर एका चित्रकार सरांच्या वर्गाला जायला लागला आणि घरी ‘काम वाढलंय’ असं सांगू लागला. फोटो त्याच्याकडे होता. फाडाफाडीतून वाचलेला तो एकुलता एक फोटो त्याने इतकी वर्षं आराखडे ठेवायच्या नळकांड्यात लपवला होता.

पहिल्या दिवशी त्याने काढलेला चेहरा बघून सरांनी कागद हात लांब करून धरला. मग म्हणाले, “इमारत छान झालीय. माणूस कुठाय?”

“मापं बरोबर आहेत, सर.”

“मापं कुणाची? तुम्हाला डोळा म्हटलं की बदाम माहीत आहे, नाक म्हटलं की त्रिकोण माहीत आहे. तुम्ही ते माहीत असलेलं काढताय. समोरचं बघतच नाही आहात. फोटोवर चौकोन आखा. एका वेळी एकच चौकोन बघा. आणि तोही उलटा धरून, म्हणजे हे नाक आहे हे डोक्यातून जाईल आणि नुसता काळा-पांढरा आकार उरेल. तोंड सगळ्यात शेवटी. तोंडाशी येऊन भले भले पडतात.”

मिलिमीटरला सूचना मिळाली की तो ती शब्दशः पाळायचा. त्याने झेरॉक्स मोठी केली, चौकोन नुसते आखले नाहीत तर कापून सुटे केले, आणि रोज एक तुकडा खिशात घालून ऑफिसला न्यायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत तो कागद उलटा ठेवून तेवढाच चौकोन काढायचा. मूळ फोटो सरांनी आपल्या कपाटात ठेवून घेतला होता. “जवळ असला की तुम्ही चोरून बघाल,” ते म्हणाले होते. कपाळ झालं, भुवया झाल्या, डोळे झाले. डोळे इतके साधले, की शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, “कुणाचे आहेत हो? आपल्यालाच हसतायत असं वाटतं.” हनुवटीही झाली. तोंडाचा चौकोन राहिला, आणि तो निळ्या शर्टाच्या खिशात राहिला.

बुधवारी ऑफिसात मिलिमीटरने सगळे खिसे उलटे केले. तुकडा नाही. तो धावत वर्गाला गेला, तर दाराला कुलूप. सर मुलीकडे गेले होते, यायला पुढचा आठवडा उजाडणार होता. वाढदिवस रविवारी. मिलिमीटर पायरीवरच बसला आणि डोळे मिटून बायकोचं तोंड आठवायचा प्रयत्न करू लागला. कपाळ आठवलं, नाकावरची चष्म्याची खूण आठवली. तोंड येईना. इतकी वर्षं जे तोंड रोज आपल्याशी बोलतंय ते आपल्याला आठवत नाही, याचं त्याला भयंकर वाईट वाटलं. मग त्याने स्वतःची समजूत काढली. फोटो नसला म्हणून काय झालं? बायको तर घरात आहे.

ताईंनी मधल्या वेळात धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं होतं. ताई कायम तोंडावर हात ठेवून हसायच्या, त्यामुळे त्यामागचा सुळा धाकटीनेही कधी नीट बघितला नव्हता. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि कुठल्याही प्रकरणाचा वास लागला की चपला काढायच्या आधीच सल्ला द्यायला लागायची.

“ताई, ही बाई कुणाकडे बघून हसतेय?”

“मला काय ठाऊक? डोळेच कापलेत.”

“म्हणजे भाऊजींनी मुद्दाम कापलेत. ओळख पटू नये म्हणून.”

“मग तोंड कशाला ठेवतील? तेही माझ्या घरात?”

धाकटीने तुकडा उलटला. “‘हे शेवटी.’ बघ, म्हणजे आधी आणखी होत्या!”

“काहीतरीच बोलू नकोस. या माणसाला एकाच बायकोकडे बघायला सवड नाही.”

“मग सरळ विचार ना त्यांना.”

ताईंनी तुकडा पुन्हा सुलटा केला. विचारलं की तो सांगणार, हे त्यांना माहीत होतं. मिलिमीटरला खोटं बोलता यायचं नाही, ‘काम वाढलंय’ म्हणतानासुद्धा त्याचे कान लाल व्हायचे. आणि तेच त्यांना नको होतं. त्याने नाव सांगितलं, तर मग ते ऐकावं लागणार होतं. त्यापेक्षा आपण शोधावं. शिवाय, ज्या बाईचे दात आपल्याला ओळखता येत नाहीत अशी बाई या शहरात आहे, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. भीती होतीच, पण तिच्यावर कुतूहल बसलं होतं.

“आधी दात सापडू दे,” त्या म्हणाल्या. “बाई आपोआप सापडेल.”

त्या संध्याकाळी मिलिमीटर घरी आला आणि त्याने सरांच्या साऱ्या युक्त्या बायकोवर करून बघायला सुरुवात केली. जेवताना त्याने चमचा उभा धरला, हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि ताईंच्या ओठांची रुंदी चमच्यावर अंगठ्याने मापली. ताईंचा घास हातातच राहिला.

“अहो, काय झालं?”

“कुठे काय? चमचा बघतोय. वाकलाय थोडा.”

मग त्याने दोन्ही डोळे बारीक केले. डोळे बारीक केले की बारकावे जातात आणि सावल्या तेवढ्या उरतात, असं सरांनी सांगितलं होतं. ताईंना तो आपल्याकडे बघून कशाचा तरी तिटकारा करतोय असं वाटलं.

“तू त्या खुर्चीत बस ना,” तो म्हणाला.

“का? ही काय वाईट आहे?”

“तिथे उजेड डावीकडून येतो.”

“जेवणाला डावीकडचा उजेड कशाला लागतो?”

मिलिमीटरचे कान लाल झाले आणि तो ताटात बघू लागला. पण जेवण झाल्यावर तो सोफ्यावर आडवा झाला, डोकं सोफ्याच्या कडेवरून खाली लोंबकळत सोडलं, आणि भाजी निवडत बसलेल्या बायकोला खालून वर, उलटी बघत राहिला. चेहरा लालबुंद झाला, कपाळावरची शीर फुगली, तरी हलेना.

ताईंनी स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला फोन लावला. “अगं, हे उलटे लटकलेत.”

“काय?”

“सोफ्यावरून. आणि माझ्या तोंडाकडे बघतायत. डोळ्यांत नाही हं बघत. तोंडाकडे.”

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग धाकटी म्हणाली, “ताई, राग मानू नकोस. ते तुझं तोंड त्या तोंडाशी ताडून बघतायत.”

धाकटीने आयुष्यात इतका अचूक तर्क पुन्हा कधी केला नसेल. पण त्यामुळे झालं असं, की ताईंनी त्या क्षणापासून ओठ आवळून घेतले. हसणं बंद. बोलणंही कामापुरतं. गुरुवारी मिलिमीटर चोरून बघत होता आणि ताई तोंड मिटून बसत होत्या, आणि जे दिसलं ते त्याने इमानदारीने ऑफिसात कागदावर उतरवलं. डोळे खळखळून हसणारे आणि त्यांच्या खाली सुतळीने बांधल्यासारखं तोंड. शेजारच्या टेबलावरचा माणूस वाकून म्हणाला, “ह्या बाईंना कुणीतरी हसायची बंदी केलीय वाटतं.” मिलिमीटरने तोंड खोडलं.

इकडे शोध जोरात होता. दवाखान्यात बाकावर बसलेल्या प्रत्येक बाईला ताई म्हणत, “जरा हसा बघू.” ठणकणारी दाढ धरून बसलेल्या माणसांना हसायला सांगणं सोपं नसतं. एकीने तर डॉक्टरांकडे तक्रार केली. धाकटीचा संशय बेकरीवालीवर होता, कारण भाऊजी पाव स्वतः आणतात. दोघी बेकरीत जाऊन उभ्या राहिल्या. बेकरीवाली हसणाऱ्यांतली नव्हती. धाकटीने तिला एक विनोद सांगितला, मग दुसरा सांगितला. तिसऱ्याला बेकरीवाली म्हणाली, “पाव हवाय का तुम्हाला?” शेवटी धाकटीची ओढणी बिस्किटांच्या बरणीत अडकून बरणी आडवी झाली, तेव्हा ती बाई हसली. वरचे चारही दात सोन्याचे.

“राहिलं ऑफिस,” बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली. “काम वाढलंय म्हणतात ना? तिथेच वाढलं असणार.”

“ऑफिसात जाऊन बायकांना आ करा म्हणू?”

ताई हे चिडून म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणता थांबल्या. धाकटीही थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

अशा रीतीने शनिवारी सकाळी मिलिमीटरच्या ऑफिसात मोफत दंततपासणी शिबिर भरलं. डॉक्टर वयस्क होते, समाजसेवेची त्यांना आवड होती आणि ताईंना नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. शिवाय ताईंची ती जुनी कॅप हलायला लागली होती, ती बदलून घे म्हणून ते वर्षभर मागे लागले होते, आणि ताईंनी “शिबिर घ्या, सोमवारी कॅप बदलते” असा सौदा केला होता. साहेबांनी मीटिंगची खोली दिली. मागे कलणारी एक खुर्ची खिडकीपाशी ठेवली गेली. नावं लिहून घ्यायला दाराशी धाकटी बसली.

ताई खुर्चीच्या डोक्याशी दिवा धरून उभ्या होत्या. तुकडा एप्रनच्या खिशात होता. हिशेब सांभाळणाऱ्या बाई झाल्या. इंजिनिअर बाई झाल्या, त्यांचे दात जाहिरातीतल्यासारखे सरळ. चहा देणाऱ्या मावशी झाल्या, त्यांना पुढचे दातच नव्हते. एकेक तोंड उघडायचं आणि ताई दिवा आणखी जवळ न्यायच्या, मग ते तोंड मिटायचं आणि दिवा मागे यायचा. शेवटची बाई उठली तेव्हा त्यांना कळेना, आपल्याला हायसं वाटतंय की पंचाईत वाढलीय.

“बायका संपल्या,” धाकटी दारातून म्हणाली. “आता कुणी नाही. एक भाऊजी तेवढे राहिलेत.”

भाऊजी म्हणजे मिलिमीटर सकाळपासून टेबलाखाली होता. म्हणजे तो स्वतः वर होता, पण चित्र टेबलाखाली होतं, आणि बायको कुठल्याही क्षणी येईल म्हणून तो त्यावर पाय पसरून बसला होता. साहेबांनी त्याला दंडाला धरून उठवलं. “घरचंच शिबिर आणि तुम्हीच मागे? चला.” चित्र टेबलाखाली सोडवेना, म्हणून तो ते मोठ्या फोल्डरात घालून काखेत घेऊनच खुर्चीत बसला. डॉक्टरांनी खुर्ची मागे कलवली, गालात कापूस कोंबला आणि जीभ बाजूला दाबली.

ताईंना आता राहवेना. बुधवारपासून त्यांनी जे तोंड आवळून धरलं होतं ते सुटलं. एका हातात दिवा तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने तुकडा काढला आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला.

“अहो, ही कोण?”

मिलिमीटरचे डोळे मोठे झाले. “आ… आआ…”

“बोलू नका, जीभ मध्ये येते,” डॉक्टर म्हणाले.

“बघ, बोबडी वळली!” दारातून धाकटी म्हणाली.

“मला एकदाचं कळू दे,” ताई म्हणाल्या. “मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण कळू दे. कोण आहे ही?”

डॉक्टरांनी वर पाहिलं. हातातल्या चिमट्याने त्यांनी तो तुकडा अलगद ताईंच्या बोटांतून काढून घेतला आणि चष्म्याजवळ नेला. मग ते खूप दिवसांनी जुना मित्र भेटावा तसे हसले.

“ह्याला मी ओळखतो. ह्याला मीच घासलाय.”

“कुणाचा आहे?”

“काय रडली होती ती पोरगी. मी म्हणत होतो, अगं छान आहे, राहू दे. ऐकेना.” डॉक्टरांनी एक स्वच्छ आरसा उचलला, तो ताईंच्या समोर धरला आणि दांडीने त्यांच्या पुढच्या दातावर हलकेच वाजवलं. “आ कर. हा.”

ताईंनी आरशात पाहिलं. तुकड्याकडे पाहिलं. पुन्हा आरशात पाहिलं. चार दिवस त्या जिला ‘मेली’ म्हणत होत्या, जिच्यासाठी त्यांनी बेकरी पालथी घातली, अख्ख्या ऑफिसला आ करायला लावलं, ती बाई कोण ते त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरत गेलं. आधी त्यांचे खांदे हलले. मग दिवा हलला. आणि मग त्या हसल्या. तोंडावर हात न ठेवता, कारण एका हातात दिवा होता आणि दुसरा खुर्चीची पाठ धरायला लागला होता.

खाली कललेल्या खुर्चीतून मिलिमीटर वर बघत होता. त्याच्या डोक्याशी उभी असलेली बायको त्याला उलटी दिसत होती. खिडकीचा उजेड बरोबर डावीकडून येत होता. बुधवारपासून जे मिळत नव्हतं ते सगळं एकाच वेळी समोर आलं.

“हऊ अओ!” तो कापसातून ओरडला. “हऊ अओ!”

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

“माफी मागतायत,” धाकटी म्हणाली.

मिलिमीटरने कापूस थुंकला. “हलू नकोस!” म्हणत त्याने आडव्या आडव्याच फोल्डर उघडलं, कागद उलटा धरला आणि पेन्सिल चालवायला लागला. डॉक्टरांच्या चिमट्यातल्या तुकड्याकडे एकदा बघायचा, वर बायकोकडे एकदा. आजूबाजूला सगळं ऑफिस गोळा झालं होतं, साहेबसुद्धा. हलू नकोस म्हटल्यावर ताईंना जास्तच हसू येत होतं.

त्या वाकून बघायला लागल्या तेव्हा त्यांना कागदावर स्वतःचे डोळे दिसले. त्या डोळ्यांखाली कागद खोडून खोडून पिंजला होता.

“इथे आधी काय होतं?”

“तूच होतीस. परवाची.”

ताईंनी दिवा कागदाच्या जवळ नेला. मग त्यांना रेलून उभा राहणारा तो दात कागदावर उमटताना दिसला आणि त्या एकदम सावरल्या. “अहो, हा तिरका का काढताय? सरळ करून कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला कधी कळलंच नाही म्हणा.”

“कळलं होतं.”

“कधी?”

“त्याच दिवशी. तू दारातून आत आलीस तेव्हाच.” मिलिमीटर पेन्सिल थांबवून म्हणाला. त्याचे कान लाल झाले नव्हते.

“मग बोलला का नाहीत? मी दिव्याखाली उभी राहून हसत होते वेड्यासारखी!”

“काय बोलणार? तू इतकी खुश होतीस. आणि मला तर जुनाच आवडायचा. तो गेला म्हणून वाईट वाटलं, असं सांगू तुला?”

ताईंनी चष्मा काढून एप्रनला पुसला. दिवा अजून त्यांच्या हातात होता आणि तो उगीचच छताकडे उजेड पाडत होता. नातेवाइकांना इतकी वर्षं सांगितलेली ती गोष्ट आता पुन्हा सांगता येणार नाही, एवढंच त्यांना त्या क्षणी सुचलं, आणि त्यांना रडू आलं.

रविवारी चित्र बाहेरच्या खोलीत लागलं. आलेल्यांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, आणि डोळे अगदी जिवंत आहेत असं म्हटलं. धाकटी मान तिरकी करून बराच वेळ उभी राहिली. “सगळं जमलंय भाऊजी,” ती म्हणाली, “दात तेवढा सरळ काढायला हवा होता.” ताईंनी तिच्या हातात केकची बशी दिली आणि तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं.

सोमवारी कबूल केल्याप्रमाणे ताई पेशंटच्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी जुनी कॅप काढली आणि नवीसाठी माप घ्यायला लागले. ताईंनी त्यांचा हात धरला. “डॉक्टर, नवी जरा रेलून बसवता येईल?”

“रेलून?”

“शेजारच्यावर. थोडीशी.”

डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांचे दात सरळ केले होते. त्यांनी चष्मा वर करून ताईंकडे पाहिलं आणि मग काही न विचारता कपाटातून तो झेरॉक्सचा तुकडा काढला. शिबिरातून तो त्यांनी स्वतःच उचलून आणला होता.

नवी कॅप तयार होऊन बसली त्या संध्याकाळी ताईंनी घरी कुणालाच काही सांगितलं नाही. धाकटीलाही नाही. मिलिमीटर ऑफिसातून आला, हातपाय धुऊन चहाला बसला. ताई समोरच्या खुर्चीत बसल्या, उजेड डावीकडून यायचा त्याच. त्यांनी कप पुढे सरकवला आणि नवऱ्याकडे बघून हसल्या. हात मांडीवर ठेवला होता आणि तो उचलायचा नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

मिलिमीटरने चहाचा घोट घेतला. दुसरा घेतला. बशीतला चमचा उचलून तो ढवळायला लागला, आणि ताईंना वाटलं, आता हा साखरेचं विचारणार.

चमचा कपातच थांबला. मिलिमीटरने तो बाहेर काढला, पुसला, हात ताठ करून समोर उभा धरला आणि एक डोळा मिटला.

“अर्धा मिलिमीटर कमी रेललाय,” तो म्हणाला.